काळोख कधीच कोरा नसतो

मध्यंतरी एका मित्राने एका जुन्या भूतपटाचा तुकडा पाठवला. कृत्रिम बुद्धिमत्तेने रंगवलेला, फिल्मवरचे बारीक ठिपके, म्हणजे दाणे, पुसून चकचकीत केलेला. खाली ओळ होती, ‘बघ, आता किती खरं वाटतंय!’ मी तो तीनदा पाहिला आणि एकदाही अंगावर काटा आला नाही. रंग परवडत नव्हता म्हणून कृष्णधवल, हा समज आपल्याकडे इतका मुरलाय की रंग भरले म्हणजे चित्रपट सुधारला असंच सगळे धरून चालतात. भूतपटाच्या बाबतीत ते मला अजिबात पटत नाही. का, ते डोळ्याच्या आत पाहिलं की कळतं.

1961 सालचा ‘द इनोसंट्स’ हा भूतपट घ्या. रंगीत फिल्म तेव्हा सर्रास मिळत होती, तरी दिग्दर्शक जॅक क्लेटन यांनी तो कृष्णधवल केला. छायालेखक फ्रेडी फ्रान्सिस यांनी तर रुंद पडद्याच्या कडा काळवंडाव्यात म्हणून हाताने रंगवलेले फिल्टर वापरले. त्यात एक प्रसंग आहे. रात्री मुलांशी लपंडाव खेळताना शिक्षिका खिडकीच्या पडद्याआड लपते आणि बाहेरच्या काळोखातून एक चेहरा सावकाश काचेपर्यंत येतो. तो नेमका कधी दिसू लागला, हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

दृष्टिपटलावर दोन तऱ्हेच्या पेशी असतात, हे शाळेत शिकलोय. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी सुमारे 60 लाख, मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे 12 कोटी. शंकूपेशींकडे तीन प्रकारची रंगद्रव्यं असतात, दंडपेशींकडे एकच, रोडॉप्सिन. एकट्या रंगद्रव्याला उजेड किती एवढंच कळतं, रंग कुठला हे कळत नाही. म्हणून रात्री अंगणातली लाल जास्वंद लाल दिसत नाही. शिवाय नजरेच्या अगदी मध्यभागी दंडपेशी जवळजवळ नसतातच. आकाशनिरीक्षक देवयानी दीर्घिका बघताना नजर मुद्दाम थोडी बाजूला ठेवतात, ते यासाठीच. ‘कोपऱ्यात कुणीतरी होतं, वळून पाहिलं तर नाही’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही. त्याच्या भीतीवर गंडेदोरे विकणारा मात्र त्याला फसवतोच.

आता माझा सगळ्यात लाडका भाग. एका दंडपेशीत रोडॉप्सिनचे साधारण 10 कोटी रेणू असतात. अंधारात या पेशीतून सतत बारीक विद्युतप्रवाह वाहत असतो. प्रकाशाचा एक कण, म्हणजे एकच फोटॉन, रेणूवर आदळला तरी त्यातला वाकलेला भाग सरळ होतो, पुढे रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते आणि तो प्रवाह क्षणभर कमी होतो. हाच ‘दिसलं’चा निरोप. पण तो वाकलेला भाग नुसत्या उष्णतेनेही सरळ होऊ शकतो! आपल्या शरीराच्या तापमानाला एखाद्या रेणूवर ही पाळी सरासरी 500 वर्षांतून एकदा येते. रेणू 10 कोटी असल्यामुळे माकडांच्या दंडपेशींच्या मोजणीत हे एका पेशीत दर 160 सेकंदांनी एकदा घडताना दिसलं. हाच हिशेब 12 कोटी पेशींना लावा. एका डोळ्यात दर सेकंदाला साडेसात लाख खोटे निरोप! आणि खरा फोटॉन कुठला, उष्णतेचा धक्का कुठला, हे पेशीला ओळखता येत नाही. पुढच्या चेतापेशी एकट्यादुकट्या निरोपाकडे दुर्लक्ष करतात, जवळजवळचे काही एकदम आले तरच दाद देतात. तरीही थोडंफार निसटतंच. गडद अंधारात डोळे उघडे ठेवले की कोरा काळा रंग दिसत नाही, करडं काहीतरी वळवळत असतं. त्यात या निरोपांचाही वाटा आहे.

जुन्या फिल्मवरची सावली तशीच वळवळते. प्रतिमा चांदीच्या सूक्ष्म कणांची बनलेली असते आणि कणांची मांडणी प्रत्येक चौकटीत वेगळी असते. सेकंदाला 24 चौकटी सरकतात, त्यामुळे पडद्यावरचा काळोख स्थिर राहतच नाही. पडद्याचा उजळ भाग शंकूपेशींना पुरेसा असतो, हे खरं. पण चित्रपटगृहातल्या गडद सावल्या संधिप्रकाशाच्या पातळीवर उतरतात, तिथे दोन्ही पेशी काम करतात. फिल्मचे दाणे आणि डोळ्यातली वळवळ यांचं हे साम्य आपल्याला नकळत रात्रीत नेऊन सोडतं, असं माझं मत आहे. प्रयोगाने सिद्ध झालेली गोष्ट म्हणून मी ते सांगत नाही.

फिल्म ‘स्वच्छ’ करणाऱ्या संगणकाला मात्र हे दाणे म्हणजे कचरा वाटतो. तो शेजारच्या चौकटी ताडून त्यांची सरासरी काढतो आणि काळोख गुळगुळीत करून टाकतो. मग खिडकीबाहेर चेहरा उमटायला जागाच उरत नाही.

‘द इनोसंट्स’ पाहणार असाल तर न रंगवलेली, दाणे शाबूत असलेली प्रत शोधा. दिवे घालवून, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून, आधी वीसेक मिनिटं अंधारात बसा. दंडपेशींना अंधाराला सरावायला निदान तेवढा वेळ लागतो. पडदा उजळला की त्यातलं थोडं वाया जाईल, तरी बसा. आणि लपंडाव सुरू झाला की काचेकडे रोखून बघू नका, तिच्या कडेला लोंबणाऱ्या पडद्याकडे बघा.