हर्नियाची जाळी त्रास देतेय? नोंद कुठे करायची, कागद कोणते लागतात

हर्नियाच्या ऑपरेशनमध्ये बसवलेल्या जाळीमुळे (मेश) दुखणं हटत नसेल, जखम वाहत असेल किंवा जाळी काढावी लागली असेल, तर केंद्राच्या मटेरिओव्हिजिलन्स (वैद्यकीय उपकरणांमुळे होणाऱ्या त्रासाची नोंद घेणाऱ्या) कार्यक्रमाकडे नोंद करता येते. गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग २०१५ पासून तो चालवतो. डॉक्टर-नर्सप्रमाणे रुग्णही कळवू शकतो. फॉर्म आयोगाच्या वेबसाइटवर आहे, हेल्पलाइन १८००-१८०-३०२४. ताप, उलट्या, पोट फुगणं असेल तर मात्र फॉर्म राहू द्या, आधी दवाखाना गाठा.

घोडं अडतं स्टिकरपाशी. जाळीच्या खोक्यात कंपनी, बॅच नंबर आणि एक्स्पायरीचे स्टिकर असतात. यंत्रमागावर, मार्केट यार्डात राबणारी आपली माणसं डिस्चार्ज कार्ड जपून आणतात, पण त्यावर नुसतं ‘मेश टाकली’ एवढंच. स्टिकर असतो ऑपरेशन नोट्सच्या पानावर, नाहीतर विम्याच्या फाइलीत. ज्याच्या पोटात जाळी आहे त्याच्याकडेच तिचा नंबर नसावा, हे चीड आणणारं आहे. जाळी बाहेरच्या मेडिकलमधून आणली असेल तर ते बिल शोधा, त्यावर बॅच नंबर सापडू शकतो. काहीच मिळालं नाही तरी आहे तेवढी माहिती पाठवा. मात्र नंबराशिवाय दोष कोणत्या मालात होता याचा माग लागणं कठीण.

स्टिकरसाठी हॉस्पिटलकडे पूर्ण केसपेपरची प्रत लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार ७२ तासांत कागद द्यावे लागतात. तोंडी मागणाऱ्याला ‘उद्या या’ ऐकावं लागतं, आणि पोच नसेल तर ७२ तास कधीपासून मोजणार? भरती रुग्णांचे कागद जपण्याचं बंधन उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षांचं आहे, म्हणून आजच मागा.

या ३ वर्षांवरूनच लोक फसतात, भरपाई मागायलाही तेवढाच वेळ आहे असं समजतात. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून. गाझियाबादला कळवल्याने ती थांबत नाही, आणि तिथून पैसेही मिळत नाहीत. दोन्ही अर्ज वेगळे.

जाळी काढायचं ठरलं असेल तर ऑपरेशनआधीच सर्जनना सांगा की काढलेली जाळी तपासणीसाठी ठेवायची आहे. एकदा कचऱ्यात गेली की मिळत नाही.