समुद्रातून निघाली, डोंगरावरून उतरली

मे महिन्यात कोकणात एखाद्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिराचा फलक वाचून बघा. रॅपलिंग (दोरावरून कडा उतरणे), व्हॅली क्रॉसिंग (दोराने दरी ओलांडणे), रात्रीचा ट्रेक, शेकोटी हे ठरलेले. शिबिराच्या मैदानापासून समुद्र कधी कधी हाकेच्या अंतरावर असतो, पण वेळापत्रकात त्याच्या वाट्याला येतो तो फक्त सूर्यास्त. गंमत अशी की, मुलांना घराबाहेर काढून, थोडी जोखीम घ्यायला लावून घडवण्याची ही आधुनिक पद्धत जन्मली ती समुद्रावरच.

कुर्ट हान हा १८८६ साली बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू शिक्षक. १९२० मध्ये दक्षिण जर्मनीत झालेमची शाळा त्याने उभी केली. हिटलरविरुद्ध उघड बोलल्यामुळे १९३३ मध्ये तुरुंगात गेला, सुटल्यावर ब्रिटनला आला आणि पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर गॉर्डनस्टनची शाळा सुरू केली. तिथली मुले शिडाच्या होड्या चालवत, शिवाय किनाऱ्यावर पहारा देत: कुणी अडचणीत आहे का, हे बघायला. मग महायुद्ध आले. लिव्हरपूलच्या ब्लू फनेल जहाज कंपनीचा लॉरेन्स होल्ट एका गोष्टीने अस्वस्थ होता. जर्मन पाणबुड्यांनी जहाज बुडवले की जीवरक्षक होडीत तरणेताठे खलाशी आधी हात टेकत आणि शिडाच्या जहाजांवर वाढलेले वयस्कर खलाशी तगून राहत. तरुणांच्या अंगात जोर कमी नव्हता. वाऱ्यापावसात, उपाशीपोटी, सोबत्यांना धरून दिवस काढायची सवय नव्हती.

१९४१ मध्ये या दोघांनी वेल्समधल्या अॅबरडोव्हीला शाळा काढली. नाव ‘आउटवर्ड बाउंड’, म्हणजे बंदर सोडून बाहेरच्या समुद्राला निघालेले जहाज. महिनाभराचा अभ्यासक्रम: छोटी होडी हाकणे, नकाशा आणि होकायंत्र घेऊन रान तुडवणे, डोंगरातली लांबची मोहीम, बुडणाऱ्याला वाचवण्याचा सराव आणि आसपासच्या गावकऱ्यांची सेवा. ‘साहस’ म्हटले की आपल्याला दोरावर लटकलेला मुलगा आठवतो. हानच्या लेखी सगळ्यात मोठे साहस दुसऱ्याचा जीव वाचवण्यात होते, बाकीचे त्याची तयारी. आपल्याकडे ही गोष्ट येताना नेमका हा भाग वाटेत सांडला, असे माझे मत आहे.

त्याच युद्धात ब्रिटिश जहाजांवर कोकणातले खलाशीही होते. रत्नागिरी जिल्ह्यातून, विशेषतः किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांतून, मुंबईमार्गे बोटीवर जाण्याची वहिवाट जुनी. तेही पाणबुड्यांच्या तडाख्यात सापडले. त्यांच्या अनुभवावरून इथे कुणी शाळा काढली नाही. आणि १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली, तेव्हा रेवसच्या कोळ्यांनी वाचवता येतील तेवढी माणसे आपल्या होड्यांत ओढून घेतली. हान ज्याला शिक्षणाचा कळस मानत होता ते काम हेच. फक्त त्याला कुणी प्रशिक्षण म्हटले नाही.

मराठी मुलांपर्यंत साहस-शिक्षण आले ते उलट्या दिशेने, हिमालयातून. १९५३ ला एव्हरेस्ट सर झाले, नोव्हेंबर १९५४ मध्ये दार्जिलिंगला गिर्यारोहण संस्था निघाली, तेनसिंग नोर्गे तिथे प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे प्रमुख झाले. १९६५ ला उत्तरकाशीची संस्था आली. मुंबई-पुण्याची पोरे तिथले कोर्स करून परतली आणि सह्याद्रीच्या कड्यांना भिडली. लिंगाणा, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा… त्यांच्यासाठी कोकण म्हणजे कड्याखाली दिसणारा पायथा. पुढे याच मंडळींनी मुलांची शिबिरे भरवली, शाळांना तीच शिबिरे माहीत झाली आणि घाट उतरून ती आपल्याकडे आली. त्यामुळे शिबिरातल्या सरांना बिले (चढणाऱ्याला दोराने सांभाळण्याचे तंत्र) आणि गाठी तोंडपाठ, पण आज भरती किती वाजता, हे विचारले की मोबाइल बाहेर येतो.

अपवाद आहेत. रत्नागिरीत छात्रसेनेचे नेव्हल युनिट आहे, तिथली मुले व्हेलर नावाच्या वल्ह्या-शिडाच्या होडीत वल्ही मारतात, शिडे चढवतात, दिवस-दिवस समुद्रात असतात. अॅबरडोव्हीच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आपल्या किनाऱ्यावर हीच असावी. पण तिथे जागा मोजक्या.

आता रापणीचे बघा. होडी जाळे घेऊन अर्धगोल फेरा मारते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि सगळे मिळून ओढतात. म्हातारे, बापये, शाळा सुटलेली पोरे. एका बाजूने ओढ कमी पडली तर जाळे तिरके होते आणि मासळी निसटते, म्हणून समोरच्या दोराकडे बघत हात चालवावे लागतात. मासळी आली की वाटे पडतात. ज्याला शहरातले शिबिर ‘टीम बिल्डिंग’ म्हणून पैसे घेऊन शिकवते ते इथे जेवणाच्या ताटासाठी चालते. तसेच भरतीचे गणित. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याचा चढउतार सगळ्यात कमी. आणि पहिला धडा पाण्यात पाय घालण्याआधीच: “दर्याक पाठ करू नको.”

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर पालकांच्या तोंडी एकच वाक्य आले, पाण्यात उतरायचे नाही. भीती समजते. पण समुद्र असलेल्या जिल्ह्यात मुलांना समुद्र शिकवायचाच नाही, हा उपाय मला कधी पटला नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण आणले, जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही प्रकारच्या उपक्रमांना नोंदणी आणि सुरक्षेचे नियम लागू केले. धोरण पर्यटनाचे आहे, शिक्षणाचे नव्हे, हा फरक कागदावर छोटा दिसतो. बनाना राइडवरचा मुलगा ग्राहक असतो. त्याला दहा मिनिटे किंचाळायचे असते आणि तेवढे झाले की तो उतरतो.

तारकर्लीला एमटीडीसीचे स्कूबा केंद्र झाले, मालवण परिसरात पर्यटकांना पाण्याखाली नेणारे तरुण तयार झाले. त्यांतले कित्येक मच्छीमारांच्या घरातले. रापणीचा दोर ओढलेल्या या पोरांकडे आता डायव्हिंगचे कार्ड आहे. ज्या तांडेलाकडून, म्हणजे होडीच्या म्होरक्याकडून, ते पाणी वाचायला शिकले, त्याला मात्र अजून एकाही शिबिराचे बोलावणे आलेले मी पाहिलेले नाही.