कंट्रोल-आय दाबलं की टॅबच का पडतो?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, सेव्ह करायच्या सवयीनं कंट्रोल-एस दाबलं जातं आणि पडदा गोठतो. 'व्हायरस शिरला, फॉरमॅट मारा' हा सल्ला लगेच मिळतो. व्हायरसबियरस काही नाही, कंट्रोल-क्यू दाबा, सुटेल. का सुटतं ते कळलं, की एडिटरचे, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रामचे, शॉर्टकट एका टर्मिनलवर चालतात आणि दुसऱ्यावर का अडतात तेही कळतं.

'कंट्रोल दाबलेलं आहे' हा निरोप पारंपरिक पद्धतीनं चालणारं टर्मिनल एडिटरला देतच नाही. तिथे पोचतात फक्त आकडे. आस्की या संकेतात प्रत्येक इंग्रजी अक्षराला आकडा आहे: कॅपिटल आय म्हणजे 73, स्मॉल आय 105. कंट्रोल दाबलं की आकड्याचे वरचे बिट (त्याच्या 0-1 रूपातले अंक) पुसले जातात, खालचे पाच उरतात. 73 मधून 64 गेले, 9. 105 मधून 96 गेले, तेही 9. आणि 9 म्हणजे टॅब! म्हणून अशा टर्मिनलवर कंट्रोल-आय, कंट्रोल-शिफ्ट-आय आणि टॅब हे तिन्ही विम या एडिटरच्या लेखी एकच. याच हिशेबानं कंट्रोल-एम 13, म्हणजे एंटर. कंट्रोल आणि उघडणारा चौकोनी कंस 27, म्हणजे एस्केप. कंट्रोल-एस होतो 19, 'थांब'. कंट्रोल-क्यू 17, 'चालू कर'. हे थांबणं नको असेल तर बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'एसटीटीवाय -आयएक्सऑन' ही ओळ इंग्रजी अक्षरांत घाला. कीबोर्ड कितीही महागडा घ्या, हे गणित बदलत नाही.

बाण आणि एफ-कळांना आस्कीत जागाच नाही. त्यांच्यासाठी 27 पासून सुरू होणारी आकड्यांची माळ जाते, आणि ती जिथली तिथली वेगळी. एफ-1 ला एक्सटर्म हे टर्मिनल 27, 79, 80 पाठवतं. लिनक्सचा साधा, खिडक्यांशिवायचा कन्सोल 27, 91, 91, 65. ऑल्टही बहुधा आधी 27 च पाठवतो. त्यामुळे 27 आला की विम क्षणभर थांबतो: नुसता एस्केप की माळेची सुरुवात? किती वाट पाहायची ते विमची 'टीटाइमआउटलेन' ही सेटिंग ठरवते. 50 मिलिसेकंद ठेवा. फार कमी केलं तर संथ जोडणीवर माळ तुटते.

शॉर्टकट बांधण्याआधी प्रत्येक टर्मिनलवर नुसता 'कॅट' हा हुकूम चालवून ती कळ दाबा. कंट्रोल-सी, कंट्रोल-एस यांसारख्या काही कळा सोडल्या, तर जे उमटेल तेच एडिटरला मिळतं. बाकी कळांना काहीच उमटलं नाही, तर बहुधा ती कळ टर्मिनलनं किंवा डेस्कटॉपनं स्वतःकडेच ठेवली. मग विमची फाइल कितीही बदला, उपयोग नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे एकाच कीबोर्डवर इंग्रजी, मराठी, कन्नड चालतं, तिथे आणखी एक अडचण येते. मराठी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी चालू ठेवून विममध्ये एस्केप दाबलं, की कर्सर हलवणाऱ्या जे, के, एल या कळा र, क, त पाठवतात आणि कर्सर जागचा हलत नाही. विमआरसी या विमच्या सेटिंगच्या फाइलीत 'एननोरीमॅप' (एका कळेला दुसरीचं काम देणारा हुकूम), पुढे र, पुढे इंग्रजी जे, अशी ओळ घाला. के, एलसाठीही तशाच. कन्नड इनस्क्रिप्टमध्ये र त्याच कळेवर आहे, पण मराठी र जातो 224, 164, 176 असा आणि कन्नड र 224, 178, 176 असा. मधल्या एका आकड्याचा फरक, तरी विमला ते वेगळं अक्षर. त्याची ओळ स्वतंत्र लिहावी लागते.