कुत्र्याची गाठ काढली, पण लॅबला पाठवली का?

ऑपरेशन झालं, गाठ निघाली, सुटलो एकदाचे, असं म्हणून बरेच जण काढलेली गाठ लॅबला पाठवायचे पैसे वाचवतात, आणि माझं कळकळीचं सांगणं आहे की बाकी कुठेही वाचवा पण इथे नको, कारण पुढचं सगळं त्या रिपोर्टवर ठरतं.

कुत्र्यांच्या कातडीतल्या घातक गाठींमध्ये सगळ्यात कॉमन म्हणजे मास्ट सेल ट्युमर, म्हणजे ॲलर्जीत काम करणाऱ्या मास्ट पेशींची गाठ. बॉक्सर, पग, लॅब्रॅडॉर यांच्यात जास्त, म्हणजे घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीत लिफ्टमध्ये भेटणारी मंडळीच. दिसायला कधी मच्छर चावल्यासारखी पुळी तर कधी हुबेहूब चरबीची मऊ गाठ, त्यामुळे नुसता हात लावून 'चरबी आहे, सोडा' असं कोणीच सांगू नये, डॉक्टरांनीसुद्धा. या मास्ट पेशींमध्ये हिस्टामाइन, म्हणजे ॲलर्जीत खाज-सूज आणणारं रसायन, भरलेलं असतं, गाठ चोळली की ते बाहेर पडतं, आजूबाजूला लाल होतं, सूज येते आणि मग उतरते, म्हणून आज मोठी उद्या लहान झाली तर खूश होऊ नका आणि सारखी दाबून तर अजिबात बघू नका. हेच हिस्टामाइन पोटात ॲसिड वाढवतं, उलट्या किंवा काळी शी दिसली तर लगेच व्हेटकडे. तपासणी सोपी आहे, बारीक सुईने थोड्या पेशी काढायच्या, काचेवर पसरून रंग द्यायचा, मायक्रोस्कोपखाली जांभळ्या दाण्यांनी गच्च भरलेल्या पेशी दिसतात. बहुतेक वेळा भूलही लागत नाही.

ऑपरेशनमध्ये गाठीभोवतीची साधारण 2 ते 3 सेंटीमीटर चांगली दिसणारी कातडी आणि खालचा एक थरही काढतात. वाटाण्याएवढ्या गाठीला एवढे टाके बघून घरचे हादरतात, पण पेशी कडेने पसरलेल्या असू शकतात म्हणून ते लागतंच. पंजाजवळ मात्र एवढी कातडीच नसते, तिथे खरी पंचाईत.

रिपोर्टमध्ये कडा साफ आहेत का (काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत गाठीच्या पेशी नाहीत ना) आणि ग्रेड कोणती, म्हणजे गाठ किती आक्रमक, हे बघायचं. 1984 च्या पद्धतीत 3 ग्रेड होत्या, बऱ्याच गाठी मधल्या ग्रेडमध्ये जाऊन बसायच्या आणि पुढचा अंदाजच येईना, म्हणून 2011 मध्ये एका अभ्यासातून लो (कमी आक्रमक) आणि हाय (जास्त आक्रमक) अशी नवी विभागणी आली. त्या अभ्यासात हाय ग्रेडची निम्मी कुत्री 4 महिन्यांच्या आत गेली, लो ग्रेडची निम्म्याहून जास्त 2 वर्षांनंतरही होती. लो ग्रेड आणि कडा साफ असतील तर बहुतेकांना ऑपरेशन हाच पूर्ण इलाज. हाय ग्रेड निघाली तर जवळच्या लिम्फ नोडची (लसिका ग्रंथीची) तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि केमो, जी माणसांएवढ्या कडक डोसची नसते, बऱ्याच कुत्र्यांचं खाणंपिणं चालू राहतं.

एकदा झालेल्या कुत्र्याला दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते, पगला तर खूपदा येतात आणि बऱ्याचदा सौम्य असतात. त्यामुळे आंघोळ घालताना काखेत, जांघेत, कानामागे नीट हात फिरवा, काही लागलं तर शेजारी नाणं धरून फोटो काढून ठेवा आणि सुईची टेस्ट करून घ्या. ठाण्यात सोय होत नसेल तर परळच्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलमध्ये चौकशी करा.