कूलंट पाइपची गळती (जुन्या स्पोर्ट्स कार)

इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि ग्लायकॉल या गोठणरोधक द्रव्याचे द्रावण) वाहून नेणाऱ्या धातूच्या नळ्या, होज (लवचिक रबरी नळ्या) किंवा त्यांचे सांधे वयोमानाने निकामी होऊन कूलंट बाहेर येणे, याला कूलंट पाइपची गळती म्हणतात. जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये ती विशेष आढळते आणि त्याचे कारण गाडीच्या रचनेत आहे. साध्या गाडीत इंजिन आणि रेडिएटर शेजारी असतात, दोन आखूड होजवर काम भागते. इंजिन सीटच्या मागे आणि रेडिएटर पुढच्या बंपरमागे असला की कूलंटला जवळजवळ अख्खी गाडी जाता-येता पार करावी लागते. टोयोटा एमआर-टू (१९८४पासून), एमजीएफ (१९९५पासून) आणि १९९७मध्ये आलेली पहिली पाण्याने थंड होणारी पोर्शे ९११, म्हणजे ९९६, या सगळ्या याच जातीच्या. लांब नळ्या जमिनीलगत, चिखलपाण्याच्या माऱ्यात असतात, सांध्यांची संख्या वाढते आणि कूलंटही जास्त लागते. ९११मध्ये ते २० लिटरच्या पुढे जाते.

गळती म्हणजे नुसते द्रावण कमी होणे नव्हे, दाबही जातो. बंद प्रणालीत साधारण १ बार जादा दाब असतो, त्यामुळे १०० अंशांना उकळणारे पाणी सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. सांधा सुटला की हा दाब क्षणात शून्यावर येतो आणि सिलिंडर हेडमधले तापलेले कूलंट तिथल्या तिथे उकळते. वाफेच्या कप्प्यांमागचा धातू थंड होत नाही, हेड वाकते, हेडखालचे गॅस्केट (सांधा बंद ठेवणारा पातळ थर) जाते. अशा वेळी तापमानाच्या काट्यावर भिस्त ठेवू नये. सेन्सर द्रावणात बुडालेला असेल तरच खरे तापमान दाखवतो. तो कोरडा पडला तर काटा चक्क खाली येऊ शकतो. मागे वाफ दिसणे, हीटरमधून एकाएकी गार हवा येणे आणि काटा विचित्र हलणे यांपैकी काहीही झाले तरी गाडी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. कूलंटच्या टाकीचे झाकण मात्र गरम असताना उघडू नये. उसळून येणारे कूलंट गंभीर भाजते.

गळण्याची कारणे

पोलादी नळ्या बाहेरून गंजतात, पण सर्वांत आधी कुठे, हे पाहण्यासारखे आहे. नळीला तळाशी धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये आणि रबरी बुशाखाली ओली माती अडकून राहते. उघड्या भागावर नुसता तांबूस थर असताना ब्रॅकेटखाली धातू कागदाइतका पातळ झालेला असतो. एमजीएफच्या तळाच्या साध्या पोलादी नळ्यांचे हे ठरलेले दुखणे. त्या स्टेनलेस स्टीलच्या नळ्यांनी बदलणे हाच टिकाऊ इलाज आहे. आतून गंज लागतो तो कूलंट वेळेवर न बदलल्यामुळे. ग्लायकॉल वर्षानुवर्षे ग्लायकॉलच राहते, संपतात ती त्यातली गंजरोधक द्रव्ये. जुन्या धाटणीच्या कूलंटमध्ये ती दोन-तीन वर्षांत आणि सेंद्रिय आम्लांवर आधारलेल्या कूलंटमध्ये साधारण पाच वर्षांत क्षीण होतात.

ॲल्युमिनियमच्या नळीचे टोक होजखाली खड्डे पडून खराब होते. तिथे साचणारी पांढरी भुकटी, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, रबराला आतून उचलते आणि क्लिप कितीही आवळली तरी पाझर थांबत नाही. क्लिप आवळून गळती तात्पुरती कमी झाली, याचा अर्थ बहुधा हाच असतो.

रबरी होज बहुतेक इपीडीएम या कृत्रिम रबराचे असतात. या रबराला इंजिन ऑइल चालत नाही. तेल लागले की ते फुगून मऊ पडते. त्याहून फसवा प्रकार आतल्या भेगांचा. वेगवेगळे धातू आणि कूलंट यांच्यातल्या विद्युत-रासायनिक क्रियेने होजच्या टोकांजवळ आतून बारीक चिरा पडतात आणि बाहेरून होज नवाकोरा दिसतो. इंजिन थंड असताना होज मध्यभागी आणि टोकापासून चार-पाच सेंटिमीटरवर अंगठा व बोटात दाबून पाहावा. टोकाकडे तो जास्त मऊ किंवा आत चीर असल्यासारखा लागला तर बदलायचा.

चिकटवलेल्या नळ्या

पोर्शे ९९६ टर्बो, जीटी-टू व जीटी-थ्री, तसेच त्यानंतरच्या ९९७ पिढीची जीटी-टू, जीटी-थ्री आणि २००९पर्यंतची टर्बो यांत पोर्शेचे इंजिन-अभियंते हान्स मेट्सगर यांच्या नावाने ओळखले जाणारे इंजिन आहे. ते अतिशय दणकट मानले जाते आणि ते खरेही आहे. दुर्बळ आहेत त्याच्या कूलंटच्या तोट्या, म्हणजे होज जिच्यावर चढतो ती आखूड नळकांडी. ॲल्युमिनियमच्या ओतीव हाउसिंगमध्ये त्या बसवून चिकटद्रव्याने जोडलेल्या आहेत. तापणे-निवणे वर्षानुवर्षे चालले की हे चिकटद्रव्य ठिसूळ होते. कधी सांध्याशी पांढरट किंवा गुलाबी पापुद्रा धरतो, तर कधी काहीही सूचना न देता तोटी होजसकट निसटते आणि कूलंट थेट मागच्या चाकांपुढे सांडते. ग्लायकॉलने टायरची पकड जाते, म्हणून वेगात असताना हा बिघाड इंजिनापेक्षा चालकाला जास्त धोक्याचा. ९११च्या साध्या प्रकाराच्या, म्हणजे कॅरेराच्या इंजिनात तोट्यांची ही अडचण नाही.

पूर्ण दुरुस्तीसाठी इंजिन उतरवणे सोयीचे. हॉट-एअर गनने तोटी तापवली की जुने चिकटद्रव्य मऊ पडते आणि ती फिरवून निघते. ती सहज निघाली तर सांधा आधीच मेलेला होता, असे समजावे. त्यानंतर तीन मार्ग आहेत: तोटी वेल्ड करणे, आटे पाडून नवी तोटी बसवणे, किंवा ताजे चिकटद्रव्य लावून आडव्या स्क्रूने तोटी अडवून धरणे. वेल्डिंग सर्वांत खात्रीचे, पण ओतीव ॲल्युमिनियमच्या छिद्रांत ग्लायकॉल मुरलेले असते. ते तापवून, धुऊन पूर्ण काढले नाही तर वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. उष्णतेने हाउसिंगचा सपाट पृष्ठही वाकू शकतो, म्हणून तो सरळपट्टीने तपासून मगच हाउसिंग नव्या ओ-रिंगसह (गोल रबरी कडीसह) बसवावे. स्क्रूचा मार्ग स्वस्त पडतो. त्यात तोटी निसटत नाही, पाझर मात्र पुन्हा सुरू होऊ शकतो. एक तोटी सुटली म्हणून तेवढीच दुरुस्त करणे चुकीचे आहे, कारण बाकीच्यांचे वय आणि चिकटद्रव्य तेच असते.

गळती शोधणे

थेंब पडतो तिथे गळती असतेच असे नाही. कूलंट नळीच्या अंगाने उतारावर वाहत जाते, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते आणि तळाच्या पत्र्यावर साचून भलतीकडेच टपकते. म्हणून आधी तळाचे कव्हर काढावे आणि ओल्या भागातला सर्वांत वरचा व सर्वांत पुढचा बिंदू शोधावा. थंड इंजिनवर हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा आणि १५-२० मिनिटे काटा पाहावा. झाकणही वेगळे तपासावे. झाकणाची स्प्रिंग ढिली असेल तर प्रणाली कमी दाबावर चालत राहते आणि नवे झाकण लावल्याबरोबर जुने सांधे गळू लागतात. दोष नव्या झाकणाचा नसतो.

काही सांधे फक्त गार असताना पाझरतात, कारण रबर आणि धातू सारखे आकुंचन पावत नाहीत. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता टेस्टर लावला तर ते सापडतात. कूलंटमध्ये अतिनील प्रकाशात चमकणारा रंग टाकला तर पुसट पाझरही दिसतो. बाहेर कुठेच ओल नसेल आणि पातळी घटतच असेल तर हीटरच्या कोअरकडे (गाडीच्या आतली हवा तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरकडे) वळावे. काचेवर चिकट धुके, गोडसर वास आणि ओला गालिचा या त्याच्या खुणा. तिथेही काही नसेल तर कूलंटमध्ये इंजिनातले ज्वलनवायू शिरतात का, याची चाचणी करावी. टाकीतल्या हवेने चाचणीचे निळे द्रावण पिवळे झाले तर हेड गॅस्केट गेले आहे.

सांधा बदलताना

चिकटलेला होज पिळून ओढू नये, रेडिएटरची तोटी तुटते. ब्लेडने होज लांबीत चिरून सोलावा. नळीचे टोक बारीक घासणीने गोलाकार दिशेने साफ करावे; लांबीच्या दिशेने पडलेला ओरखडा म्हणजे कूलंटला बाहेर पडायची वाटच. खड्ड्यात नख अडकत असेल तर नळी बदलावी. नळी कापून जोडायची असेल तर नव्या टोकाला उंचवट्याची कडी पाडलीच पाहिजे, नाहीतर दाबाखाली होज निसटतो. होज चढवताना पाणी किंवा कूलंट लावावे, ग्रीस नाही. क्लिप कडीच्या लगेच मागे, पण होजच्या काठापासून ३-५ मिलिमीटर आत यावी. स्प्रिंगची क्लिप रबर बसले तरी ताण धरून ठेवते. स्क्रूची क्लिप काही वेळा तापून निवल्यावर पुन्हा तपासावी लागते. सिलिकॉनच्या होजवर खाचांची क्लिप रुतते, तिथे आतून गुळगुळीत क्लिपच हवी. शिवाय सिलिकॉनमधून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर जाते, त्यामुळे गळती नसतानाही पातळी किंचित उतरते.

गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव्य टाकून काम भागवू नये. ते हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही तितक्याच तत्परतेने बुजवते. रस्त्यात अडकल्यावर वापरावे लागलेच तर प्रणाली नंतर धुऊन काढावी.

भरताना खनिजमुक्त पाणी आणि ग्लायकॉल निम्मे-निम्मे घ्यावे. हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. निरनिराळ्या जातींची कूलंट मिसळू नयेत, गाळ धरू शकतो. हवा काढणे हे या गाड्यांतले सर्वांत चिकाटीचे काम. एमआर-टूमध्ये पुढे रेडिएटर व हीटरपाशी हवा सोडण्याच्या जागा दिलेल्या आहेत. तिथे पारदर्शक नळ्या लावून उंच टांगतात आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून भरतात. निर्वात पंपाने भरणे त्याहून बरे: आधी हवा ओढून घ्यायची, काटा स्थिर राहतो का ते पाहायचे आणि मगच कूलंट आत सोडायचे. होज त्या वेळी चपटे होतात, ते स्वाभाविक आहे.

पहिल्या फेरीनंतर गाडी पूर्ण गार होऊ द्यावी, पातळी पाहावी आणि लागेल तेवढी भर घालावी. पुढच्या काही शे किलोमीटरांत पातळी दोनदा तरी तपासावी. काढलेले कूलंट झाकणबंद डब्यात ठेवून टाकाऊ रसायने घेणाऱ्या केंद्रात द्यावे. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे ते चाटतात, म्हणून जमिनीवर सांडलेले लगेच भरपूर शोषक टाकून उचलावे.