मॅरोतलं म्युटेशन वेगळं, जन्मजात जीन वेगळं : किमोपासून हृदयाला धोका कशात बघायचा?

"मॅरोच्या रिपोर्टमध्ये ईटीव्ही६-रनएक्स१ म्युटेशन आलंय, डॉक्टर म्हणाले चांगलं आहे. मग किमोनं हार्टला काही होणार नाही ना?" रामबाग असो की सुदामानगर, इंदूरच्या आपल्या मराठी घरांत मुलाला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) निघाला की हा प्रश्न हमखास येतो. मॅरोच्या, म्हणजे हाडांतल्या मज्जेच्या, त्या रिपोर्टचा हृदयाच्या धोक्याशी संबंध नाही, हे पुन्हापुन्हा सांगावं लागतं.

मॅरोचा रिपोर्ट आजाराचा, हे आता बहुतेकांना पाठ आहे. बीसीआर-एबीएल हे म्युटेशन निघालं तर इमॅटिनिबसारखी गोळी जोडतात. ईटीव्ही६-रनएक्स१ असेल तर लहान मुलांत आजार औषधाला चांगली दाद देतो. ही म्युटेशन्स, म्हणजे जीन्समधले बदल, कॅन्सरच्या पेशींतली.

हृदयाचं गणित जन्मापासून अंगातल्या प्रत्येक पेशीत असलेल्या जीन्सचं. डॉनोरुबिसिन, डॉक्सोरुबिसिन ही किमोतली लाल औषधं हृदयाच्या पेशीतल्या टॉप२बी या एन्झाइमला धरून डीएनए तोडतात. आरएआरजी हे जीन त्या एन्झाइमला आवर घालतं. त्यातल्या एका बदलानं हा आवर सैल पडतो आणि धोका वाढतो, हे २०१५ साली समोर आलं. यूजीटी१ए६मधला एक बदलही धोका वाढवतो, तर एसएलसी२८ए३मधला एक उलट कमी करतो.

खरी गफलत होते ती नमुन्यात. आजार भरात असताना काढलेल्या रक्तात आजारी पेशींची गर्दी असते. त्यात जन्मजात काय आणि नंतर घडलेलं काय, हे खात्रीनं वेगळं काढता येत नाही. गालाच्या आतल्या स्वॅबमध्येही रक्ताच्या पेशी मिसळतात. म्हणून त्वचेच्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशी सगळ्यात भरवशाच्या; नाहीतर आजार दबल्यावरचं रक्त. दुसऱ्याच्या मॅरोचं ट्रान्सप्लांट झालं असेल तर तेही रक्त चालत नाही. भावाचा मॅरो घेतलेल्या मुलीच्या रक्तात जीन्स भावाची दिसतात, हृदय मात्र तिचं स्वतःचंच असतं. त्यामुळे "जेनेटिक टेस्ट झालीय" एवढ्यावर माझं कधीच समाधान होत नाही. नमुना कशाचा आणि कधी घेतला, हे रिपोर्टवर बघाच.

टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ची चाचणीही जन्मजात जीन्सचीच, पण ती ल्युकेमियाच्या ६-एमपी गोळीचा डोस ठरवायला. हृदयाशी तिचा संबंध नाही.

आणि जीन्स नॉर्मल आली म्हणून टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) टाळणं मला अजिबात मान्य नाही. लाल औषधाचा एकूण डोस, छातीवरचं रेडिएशन, कोवळं वय आणि मुलगी असणं, यांनीही धोका वाढतो. पैसे मोजकेच असतील तर आधी इको, मग जीन टेस्ट, हे माझं ठाम मत. डॉनो आणि डॉक्सो सारख्याच ताकदीची नाहीत, म्हणून दोन्हींचा मिळून डॉक्सोच्या हिशोबानं चौरस मीटरमागे किती मिलिग्रॅम डोस गेला, हे डॉक्टरांकडून फाइलमध्ये लिहून घ्या. आकडा २५० किंवा त्याच्या वर असेल तर धोका मोठा समजतात. हृदयाची इजा किमो संपून कित्येक वर्षांनीही दिसू शकते, त्यामुळे मूल मोठं होऊन दुसऱ्या गावी गेलं तरी ते पान त्याच्यासोबत द्या.