कोचची खुर्ची आणि शनिवारची जनता

रविवार, 26 नोव्हेंबर 2017. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल टीमचे नवे मुख्य कोच म्हणून ग्रेग शियानो यांचं नाव पक्कं झाल्याची बातमी फुटली. विद्यापीठाच्या नॉक्सव्हिलच्या कॅम्पसवर एक भला थोरला धोंडा आहे. तो रंगवायचा आणि मनात असेल ते त्यावर लिहायचं, ही विद्यार्थ्यांची जुनी रीत. त्या दिवशी धोंड्यावर एका जुन्या बाल लैंगिक अत्याचार प्रकरणावरून शियानोंवरचा थेट आरोप रंगवला गेला. स्टेडियमबाहेर फलक घेऊन माणसं जमली, राज्याच्या विधिमंडळातल्या काही सदस्यांनीही जाहीर विरोध केला, आणि रात्र होईतो विद्यापीठाने पाय मागे घेतला. जुळलेली सोयरीक एका दिवसात मोडली.

आपल्याकडे कट्ट्यावर बसून निवड समितीला शिव्या घालण्याची सोय आहे, पण समिती त्या ऐकून संघ बदलत नाही. इथे निर्णय बदलला. चाहत्यांच्या हाती एवढी ताकद कुठून आली, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

कॉलेजचा कोच हा सुरुवातीला पगारी माणूसच नव्हता. जुने खेळाडू हौसेने येऊन पोरांना शिकवायचे. 1905 मध्ये हार्वर्डने बिल रीड या 26 वर्षांच्या तरुणाला वर्षाला 7,000 डॉलर देऊन आणलं. हा पगार तिथल्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त होता आणि खुद्द विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या जवळपास पोचणारा. त्याला माजी विद्यार्थ्यांच्या खिशाचाही हातभार होता, आणि पुढच्या शंभर वर्षांची मेख तिथेच आहे. पैसे देणारा आपलं मत राखून ठेवतो. 1929 मध्ये कार्नेगी फाउंडेशनने कॉलेजच्या खेळांत शिरलेल्या पैशावर कडक अहवाल काढला. तो वाचला गेला, आणि खेळ होता तसाच पुढे चालू राहिला.

अमेरिकेच्या दक्षिणेत या पैशाला अस्मितेचं खतपाणी मिळालं. अलाबामात व्यावसायिक फुटबॉलची मोठी टीमच नाही. टेनेसीत ती आली 1997 मध्ये. तोवर राज्याची टीम म्हणजे विद्यापीठाची टीम, आणि घरात कॉलेजची पायरी चढलेलं कुणी नसलं तरी ती टीम आपली. नॉक्सव्हिल हे जेमतेम दोन लाख वस्तीचं शहर, आणि नदीकाठच्या नेलँड स्टेडियममध्ये बसतात एक लाखाच्या वर. शनिवारी सामना असला की उरलेलं शहर जणू गाड्या लावायला जागा शोधत असतं. स्टेडियमला नाव रॉबर्ट नेलँड यांचं. हे लष्करातले अधिकारी 1926 ते 1952 या काळात तीन वेळा कोच झाले आणि 173 सामने जिंकून गेले. त्यांच्यानंतर जो येईल त्याला त्यांच्या मापाचा सदरा घालून बघायचा, हा तिथला शिरस्ता.

कोण येणार याची चर्चा पूर्वी दुकानात, चर्चबाहेर, रेडिओवर फोन लावून व्हायची. तिला खरी धार आली ती विमानांमुळे. नोव्हेंबर 2003 मध्ये अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठाचे अध्यक्ष, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (खेळ विभागाचे प्रमुख) आणि दोन विश्वस्त गुपचूप खासगी विमानाने लुईव्हिलजवळ उतरले. लुईव्हिल विद्यापीठाचे कोच बॉबी पेट्रिनो यांना विचारायला, आमच्याकडे येता का म्हणून. अडचण एवढीच की ऑबर्नचे कोच टॉमी ट्यूबरव्हिल तेव्हा खुर्चीत होते, अलाबामा विद्यापीठाविरुद्धचा वर्षातला सर्वांत मोठा सामना दोन दिवसांवर होता, आणि पेट्रिनो आदल्याच वर्षी ट्यूबरव्हिल यांच्या हाताखाली काम करत होते. ऑबर्नने तो सामना जिंकला आणि मागोमाग विमानाचं बिंग फुटलं. चाहते उसळले ते कोचच्या बाजूने. ट्यूबरव्हिल राहिले, विद्यापीठाच्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. पुढच्या मोसमात ऑबर्नने 13 पैकी 13 सामने जिंकले. (ट्यूबरव्हिल पुढे अमेरिकेचे सिनेटरही झाले. मतदारांना ते नवे नव्हतेच.)

तेव्हापासून कोचच्या मोसमात चाहते विमानांचे नंबर पाहत बसतात. कुठल्या देणगीदाराचं विमान कुठल्या गावी उतरलं, त्यावरून कोण येणार याचे आडाखे. 21 डिसेंबर 2006 ला मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक टीमचे कोच निक सेबन यांनी, आपण अलाबामाला जाणार नाही, असं ठणकावून सांगितलं. 3 जानेवारीला त्यांचं विमान टस्कलूसाला, म्हणजे अलाबामा विद्यापीठाच्या गावी, उतरलं तेव्हा स्वागताला गर्दी हजर. करार 8 वर्षांचा, 3.2 कोटी डॉलरचा. एप्रिलमध्ये आपापसातला सराव सामना बघायला 92 हजारांहून जास्त लोक आले.

आता टेनेसीकडे. 1998 चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे कोच फिलिप फुल्मर हे घरचेच. त्याच मैदानावर खेळलेले. 2008 मध्ये त्यांना काढलं आणि तिथून घडी विस्कटली. लेन किफिन आले आणि एका मोसमानंतर, जानेवारी 2010 मध्ये, दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे निघून गेले. त्या रात्री कॅम्पसवर गाद्या जाळल्या गेल्या. (हेच किफिन 2025 मध्ये ऐन मोक्याच्या वेळी ओले मिस (मिसिसिपी विद्यापीठ) सोडून एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) गेले. माणूस आपल्या लौकिकाला जागतो.) मग डेरेक डूली, 15 विजय, 21 पराभव. मग बुच जोन्स. त्यांना नोव्हेंबर 2017 मध्ये घरी पाठवलं. तो मोसम 4 विजय आणि 8 पराभवांवर संपला. एका मोसमात 8 पराभव टेनेसीने त्याआधी कधी पाहिले नव्हते.

या सगळ्या वर्षांत चाहत्यांचा एक लाडका उमेदवार होता, जॉन ग्रुडेन. तरुणपणी इथे सहायक म्हणून राबलेले, सासुरवाडही याच विद्यापीठातली. खुर्ची रिकामी झाली की ग्रुडेन येणार ही आवई उठायचीच. लोक गुडघ्याला बाशिंग बांधून बसले होते, आणि मांडवात आले शियानो.

त्यांच्यावरच्या आक्षेपांचे दोन पदर होते. एक खेळाचा: रटगर्स विद्यापीठाचे कोच असताना 11 मोसमांत 68 विजय, 67 पराभव. दुसरा गंभीर. 1990 च्या दशकात ते पेन स्टेट विद्यापीठात सहायक कोच होते, आणि तिथल्या जेरी सँडस्की या सहायक कोचने केलेल्या बाल लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणातल्या एका साक्षीत शियानोंचं नाव आलं होतं. पण ती साक्ष ऐकीव होती: अमक्याने मला असं सांगितलं, या स्वरूपाची. शियानोंनी इन्कार केला, ज्यांनी सांगितलं असं म्हटलं गेलं त्यांनीही केला, आणि शियानोंवर कधी कसलाही गुन्हा दाखल झाला नाही. माझं मत विचाराल तर अनेकांना 67 पराभव सलत होते आणि धोंड्यावर लिहिलं गेलं दुसरंच. पराभवांची बेरीज रंगवून कुणी पेटून उठत नाही. ज्यांना तो आरोप मनापासून लागला असे लोकही होते, पण एका माणसाच्या नावाला त्या दिवशी जे फासलं गेलं, ते पुसायला कुणी आलं नाही.

त्यानंतरचा आठवडा अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जॉन करी दारोदार फिरले. ओक्लाहोमा स्टेटचे गंडी, पर्ड्यूचे ब्रॉम, नॉर्थ कॅरोलायना स्टेटचे डोरेन. कुणीच आलं नाही. शेवटी ते वॉशिंग्टन स्टेटचे कोच माइक लीच यांना भेटायला लॉस एंजेलिसला गेले, आणि परतल्यावर 1 डिसेंबरला त्यांनाच बाजूला करण्यात आलं. त्यांच्या जागी आले फुल्मर. फुल्मर यांनी आठवड्याभरात अलाबामाच्या डिफेन्सचे सूत्रधार जेरेमी प्रुइट यांना आणलं. चाहते खूश. जानेवारी 2021 मध्ये प्रुइट यांना खेळाडू भरतीतल्या गैरप्रकारांवरून काढावं लागलं, आणि 2023 मध्ये एनसीएएने (कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था) विद्यापीठाला 80 लाख डॉलर दंड ठोठावला. घडी बसली ती जॉश ह्युपेल आल्यावर. त्यांच्यासाठी कुणी धोंडा रंगवला नव्हता. ऑक्टोबर 2022 मध्ये अलाबामाला 52-49 ने हरवल्यावर लोकांनी गोलपोस्ट उपटून नदीत नेऊन टाकला.

आणि शियानो? 2019 च्या नोव्हेंबरात रटगर्सची त्यांच्याशी चाललेली बोलणी फिसकटली, तसे तिथले चाहते आणि देणगीदार खवळले: यांनाच आणा. विद्यापीठ पुन्हा बोलणीला बसलं, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला शियानो आपल्या जुन्या खुर्चीत परतले.